गोव्यात बीएफए करताय? ड्रॉइंगपासून सुरुवात करा

बारावीचा निकाल लागला की पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इकडच्या मुलामुलींचे मला संदेश येऊ लागतात. बहुतेकांचं म्हणणं सारखंच असतं: 'शाळेत माझं ड्रॉइंग चांगलं होतं, बीएफएला जायचंय, पण तिथे नक्की काय शिकवतात आणि तयारी कशी करायची हे सांगणारं घरात कुणी नाही.' मी पणजीच्या गोवा कला महाविद्यालयातूनच पेंटिंग घेऊन बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) केलं. दरवर्षी तीच उत्तरं वेगवेगळ्या मुलांना देण्यापेक्षा ती एका जागी लिहून ठेवलेली बरी, म्हणून हा लेख.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. पुढे तुम्ही कुठलीही शाखा घेतलीत तरी चार वर्षांत तुम्हाला तारणार किंवा अडवणार ते ड्रॉइंगच. आणि ड्रॉइंग म्हणजे समोरची वस्तू डोळ्यांनी मोजून, तिच्याबद्दल निर्णय घेऊन, तो कागदावर मांडणं. फोनवरचा फोटो बघून केलेली हुबेहूब नक्कल कितीही सुबक असली तरी ती या अभ्यासात फारशी उपयोगी पडत नाही. फोटोत सगळे निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेले असतात.

१. कोर्स काय आहे ते नीट समजून घ्या

गोवा कला महाविद्यालय पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर आहे. ते १९७२ मध्ये सुरू झालं आणि गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. मडगावात जन्मलेले चित्रकार लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ या काळात इथले प्राचार्य होते. बीएफए ही चार वर्षांची पदवी आहे. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, त्याला फाउंडेशन म्हणतात. त्यात ड्रॉइंगसोबत रंग, द्विमितीय आणि त्रिमितीय डिझाइन, कलेचा इतिहास अशी ओळख होते आणि मग पेंटिंग, अप्लाइड आर्ट (जाहिरात, डिझाइन अशी उपयोजित कला) अशा शाखांकडे वाटा फुटतात.

शाळेतल्या चित्रकलेची सवय असलेल्यांना फाउंडेशनचे पहिले महिने जड जातात. शाळेत 'छान चित्र' काढायचं असतं. इथे एकाच मातीच्या मडक्यासमोर तुम्हाला तासन्‌तास बसवतात, आणि संध्याकाळी सर येऊन म्हणतात की मडकं डावीकडे कललंय. हे चुकतंय म्हणून नव्हे, याच कामासाठी तुम्ही इथे आला आहात. चिकटून राहा.

घरच्यांसाठी एक गोष्ट. 'चित्रं काढून पोट भरेल का?' हा प्रश्न आई-बाबांनी विचारणं अगदी रास्त आहे, त्यावर चिडू नका. त्यांना एकदा कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला घेऊन जा. जाहिरात, ॲनिमेशन, पुस्तकांची चित्रं, शाळेतली शिक्षकी, नेपथ्य, संग्रहालयांतली कामं यांत बीएफए झालेली माणसं आहेत. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी त्यांना बोलू द्या, तुमच्या समजावण्यापेक्षा ते लवकर पटतं.

२. कागदपत्रं निकालाआधीच गोळा करा

बारावीची कुठलीही शाखा चालते. किमान गुण, राखीव जागा, वास्तव्याची अट या गोष्टी मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा, गेल्या वर्षी कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. साधारण एवढं हाताशी ठेवा:

– दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
– शाळा सोडल्याचा दाखला
– जन्मदाखला आणि आधार कार्ड
– रहिवासी दाखला, मामलेदार कचेरीतून
– लागू असेल तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला
– बोर्ड गोव्याबाहेरचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट
– पासपोर्ट आकाराचे फोटो, सगळ्याच्या साक्षांकित प्रती आणि स्कॅन केलेल्या फायली

सापळा रहिवासी दाखल्याचा असतो. निकालानंतर मामलेदार कचेरीत सगळ्या कोर्सची मुलं एकदम येतात आणि दाखला हातात पडायला वेळ लागतो. परीक्षा संपल्या संपल्या अर्ज करा. दाखल्यांवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षराअक्षराने जुळतंय ना, हेही तेव्हाच बघून घ्या. आडनावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं असणं गोव्यात फार होतं.

३. प्रवेश चाचणीची तयारी

प्रवेशासाठी चित्रकलेची चाचणी असते. अशा चाचण्यांमध्ये साधारणपणे समोर मांडलेल्या वस्तूंचं रेखन, आठवणीतून एखादा प्रसंग आणि थोडं डिझाइन यावर भर असतो. नेमका आराखडा माहितीपत्रकात मिळेल.

वस्तुचित्रणासाठी घरातल्या वस्तू पुरेशा आहेत. समई, तांब्याची कळशी, नारळ, डिचोलीच्या कुंभाराकडचं मडकं. दोन-तीन वस्तू खिडकीजवळ अशा ठेवा की उजेड एकाच बाजूने येईल, आणि रोज एक तास बसा. कळशी आणि मडकं मुद्दाम सांगते, कारण त्यांच्या तोंडाचा आणि बुडाचा इलिप्स (तिरकं बघितल्यावर वर्तुळाचा दिसणारा लंबगोल) ही नवख्यांची हमखास अडचण. दोन नियम लक्षात ठेवा. इलिप्सची टोकं कधीही अणकुचीदार नसतात, तिथेही वळणच असतं. आणि भांडं नजरेच्या पातळीखाली असेल तर तोंडाच्या इलिप्सपेक्षा बुडाचा इलिप्स जास्त फुगलेला असतो. बूड टेबलावर टेकलंय म्हणून तिथे सरळ रेष मारली की भांडं तरंगायला लागतं.

आठवणीतल्या चित्रासाठी काही क्लासमध्ये 'बसस्टॉप', 'बाजार', 'बागेतली मुलं' अशी दृश्यं घोटून घेतात. तशी पाठ केलेली माणसं तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतात, सगळ्यांचे हात सारखेच लटकलेले असतात. त्याऐवजी तुमच्या गावात जे घडतं ते काढा. शिगम्याचा रोमट (मिरवणूक), माशेलचा चिखलकालो (चिखलातला खेळ), फेरीतून उतरणाऱ्या दुचाक्या, पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलभोवतीची सकाळ. जे तुम्ही शंभरदा पाहिलंय त्यात माणसं कशी वाकतात, कुठे टेकतात हे तुम्हाला आपोआप आठवतं.

४. सामान: थोडं आणि बरं

पहिल्या आठवड्यात दुकानातून पिशवी भरून आणू नका. वर्ग सुरू झाले की शिक्षक यादी देतातच. सुरुवातीला एवढ्यावर भागतं:

– एचबी, २बी, ४बी आणि ६बी पेन्सिली. बारा पेन्सिलींचा डबा लागत नाही
– कटर किंवा ब्लेड
– साधा खोडरबर आणि एक मळता येणारा पुट्टी रबर
– कोळशाच्या कांड्या: मऊ विलो चारकोल, आणि गडद काळ्यासाठी दाबून केलेला चारकोल
– कार्ट्रिज पेपर, १३० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन)
– झटपट स्केचसाठी न्यूजप्रिंटचा गठ्ठा
– अर्ध्या इम्पीरियल कागदाला पुरेल असा ड्रॉइंग बोर्ड आणि चार मजबूत क्लिपा
– खिशात मावेल अशी स्केचबुक

कागदाची मापं एकदाच पाठ करा. पूर्ण इम्पीरियल २२ × ३० इंच, अर्धा १५ × २२, पाव ११ × १५. दुकानात आणि वर्गात हीच भाषा चालते.

पेन्सिल शार्पनरने करू नका. ब्लेडने लाकूड लांब तासा आणि शिसं बोटाच्या पेरभर बाहेर काढा. मग पेन्सिल आडवी धरून बाजूने रुंद छटा देता येते आणि टोकाने बारीक रेषही. लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरली की फक्त बोटं हलतात. मोठ्या कागदावर हात खांद्यातून हलायला हवा, म्हणून बोर्ड उभा ठेवा आणि पेन्सिल हातात सैल धरा.

५. पावसाळ्याशी जुळवून घ्या

आपलं शैक्षणिक वर्ष सुरू होतं तेच मुसळधार पावसात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. पुण्या-मुंबईच्या माहितीवर विसंबलेली मुलं इथे फसतात, कारण कागद दमट होतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दमट कागदावर पेन्सिल नीट धरत नाही आणि खोडलं की पृष्ठभागाचे धागे उठतात. कोळसाही डागडाग बसतो. कोरे कागद जाड प्लास्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कागद लागतील तसे आणा, सहा महिन्यांचा साठा जूनमध्ये करू नका. पूर्ण झालेली कामं चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि मागून बुरशीचे तपकिरी ठिपके यायला लागतात. भिंत आणि पोर्टफोलिओ यांच्यात हातभर अंतर राहू द्या, आणि ऊन पडलं की पंख्याखाली सगळं पसरा.

बसमधून नेताना कागद पीव्हीसी पाइपात गुंडाळून न्या, दोन्ही तोंडांना टोपण. हार्डवेअरच्या दुकानात असा तुकडा सहज कापून मिळतो. कदंब स्थानकापासून आल्तिनोचा चढ बोर्ड घेऊन चढायचा असेल तर बोर्डालाही मेणकापडाची पिशवी शिवून घ्या.

कोळशाच्या कामावर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणूनचा फवारा) मारताना कागदापासून हातभर लांबून, पातळ थर, दोन-तीनदा. दार-खिडक्या उघड्या ठेवून. बाहेर धो धो पाऊस असेल त्या दिवशी टाळाच, हवेतल्या ओलाव्याने त्याच्यावर पांढुरका थर येऊ शकतो.

आणखी एक, उजेडाचं. वर्गाच्या खिडकीतून येणारा उजेड ढगांबरोबर सतत बदलतो. म्हणून बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावलीची हद्द हलक्या रेषेने आखून घ्या. पुढे उजेड कसाही झाला तरी तुमची सावली तीच राहील.

६. बघायचं कसं

या लेखातला मला सगळ्यात जवळचा भाग हा आहे, जरा सावकाश वाचा.

नवखी मुलं बहुतेक वेळा डोळ्यापासून सुरुवात करतात. म्हणजे चेहरा असेल तर डोळा, समई असेल तर वरचा मोर. एक कोपरा अगदी तपशिलाने भरतो आणि मग लक्षात येतं की पाय कागदाबाहेर गेले. उलट क्रमाने जा.

आधी कागदावर जागा. वस्तूचं सगळ्यात वरचं, खालचं, डावं आणि उजवं टोक कुठे येणार तिथे चार बारीक खुणा करा. मग त्या चार खुणांत बसणारा मोठा आकार, सरळ रेषांनी, जणू दगड ओबडधोबड फोडलाय असा. मग मधला अक्ष: मडकं उभं आहे की कललंय. मग प्रमाण.

प्रमाण मोजताना हात कोपरातून पूर्ण ताठ ठेवायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक वस्तूच्या वरच्या कडेला आणि अंगठ्याचं नख खालच्या कडेला. आता तेवढीच लांबी दुसरीकडे फिरवून बघा: मडक्याच्या रुंदीत उंची किती वेळा बसते? कोपर जरा जरी वाकलं तरी माप बदलतं. वर्गात निम्म्या चुका इथल्याच असतात.

त्यानंतर मोकळ्या जागा बघा. समई आणि कळशी यांच्यामध्ये जी फट दिसते तिचाही एक आकार असतो. तो आकार काढा. समई कशी असते हे आपल्याला 'माहीत' असतं, आणि माहीत असलेलंच हात काढतो. फटीचा आकार आधी माहीत नसतो, त्यामुळे तिथे डोळ्याला खरंच बघावं लागतं. मला ड्रॉइंगमध्ये खरी उडी मिळाली ती या एका गोष्टीने.

मग छायाप्रकाश. डोळे किलकिले करा, तपशील पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. पहिल्या वर्षी तीन छटा पुरेत: कागदाचा पांढरा, एक मधली आणि एक गडद. पांढऱ्याच्या आत कितीही बारीक राखाडी दिसले तरी ते सावलीतल्या सगळ्यात उजळ भागापेक्षा गडद होऊ द्यायचे नाहीत. हे सांभाळलं की घनता येते. बोटाने घासून केलेली गुळगुळीत छटा टाळा. पहिल्या नजरेला ती छान वाटते, पण आकार वळतो कुठे ते त्यात हरवतं. रेषांनी छटा द्या, आणि रेषेची दिशा पृष्ठभागाच्या वळणाबरोबर जाऊ द्या.

तपशील सगळ्यात शेवटी. वेळ संपला आणि समईचा मोर राहिला, तरी ते ड्रॉइंग चांगलं असू शकतं.

खोडरबराबद्दल: चुकलेली रेष लगेच पुसू नका. तिच्या शेजारी बरोबर रेष काढा, मग दोन्ही बघा. चुकलेली रेष समोर असली की किती चुकलं ते मोजता येतं.

७. यथार्थदर्शन पणजीतच शिका

वर्गात पर्स्पेक्टिव्ह, म्हणजेच यथार्थदर्शन, शिकवतात तेव्हा सपाट रस्ता, दोन्हीकडे घरं, सगळ्या रेषा क्षितिजावरच्या एका बिंदूत मिळतात असं दाखवतात. आणि मग मुलं आल्तिनोवरून खाली फोंतेन्हास या जुन्या वस्तीत स्केच करायला जातात, तिथे एकही रस्ता सपाट नाही, आणि सगळा गोंधळ होतो.

उत्तर सोपं आहे. क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. घरांच्या खिडक्यांचे उंबरे, छज्जे, मजल्यांच्या पट्ट्या या जमिनीला समांतर असतात, त्यामुळे त्या रस्ता कसाही असला तरी डोळ्यांच्या पातळीवरच्या बिंदूकडेच जातात. रस्ता चढाचा असेल तर फक्त त्याच्या कडा त्या बिंदूच्या थेट वर, क्षितिजरेषेच्या वरच्या एका दुसऱ्या बिंदूकडे जातात. उताराचा असेल तर क्षितिजरेषेच्या खालच्या बिंदूकडे. उतारावरून खाली बघताना लांबच्या घरांचे छज्जे तुमच्या नजरेच्या पातळीला येतात ते यामुळेच. मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपरांनाही हाच नियम लागतो.

सरावासाठी क्रम असा ठेवा: आधी एखाद्या घराचा ओटा आणि बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) समोरून. मग फोंतेन्हासमधली एक चढाची गल्ली. त्यानंतर पणजीच्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या, तिथे प्रत्येक टप्प्याच्या तिरप्या कडांचा बिंदू वेगळा आहे. आणि हे जमलं की मंगेशीचा अष्टकोनी दीपस्तंभ. आठ बाजू, एकावर एक मजले, प्रत्येक मजल्याचा कोनाडा वेगळ्या उंचीवर. नजरेच्या पातळीवरचा मजला जवळपास सरळ दिसतो आणि वर जावं तसे मजल्यांच्या कडा अधिकाधिक कमानदार होत जातात. एक सकाळ फक्त त्याला द्या.

फोंतेन्हासमध्ये लोक राहतात. दारासमोर बसायच्या आधी विचारा, गाड्यांची वाट अडवू नका, आणि पेन्सिलीचा भुसा उचलून न्या.

८. माणूस समोर बसतो तेव्हा

हेड स्टडी आणि पूर्ण आकृतीच्या वर्गात मॉडेल हा कष्ट करणारा माणूस आहे, हे कधीही विसरू नका. एकाच स्थितीत वीस-पंचवीस मिनिटं बसणं किती अवघड असतं ते घरी स्वतः करून बघा. वेळेवर या, मध्ये फोन वाजू देऊ नका, फोटो काढू नका, आणि पोज संपल्यावर आभार माना.

आता ड्रॉइंग. चेहऱ्यात डोळे डोक्याच्या बरोबर अर्ध्यावर येतात. नवखे ते वर चढवतात, कारण कपाळ आणि केस यांना कमी जागा द्यायची आपल्याला सवय असते. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची धरतात, पण ते केवळ तपासायला. समोरच्या माणसाचं खरं माप तुम्हीच काढा.

उभी आकृती पडतेय असं वाटलं तर गवंड्याचा ओळंबा आठवा. दोऱ्याला नट बांधून तसा एक स्वतःसाठी करून घ्या. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याखालच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. त्याच बाजूची कंबर वर उचललेली असते आणि खांदा तिकडे उतरलेला. या तीन गोष्टी पहिल्या मिनिटाला पकडल्या तर माणूस उभा राहतो.

लांब पोजच्या आधी एक-दोन मिनिटांची झटपट स्केचेस न्यूजप्रिंटवर करा. फक्त हालचाल, कोळशाने, हात न उचलता.

आणि जागा. मॉडेलच्या फार जवळ बसू नका. त्याच्या उंचीच्या किमान दोन-अडीचपट अंतर ठेवा, नाहीतर डोकं समोरून आणि पाय वरून दिसतात.

९. स्केचबुक बाजारात न्या

वर्गातलं ड्रॉइंग आठवड्यातल्या ठरलेल्या तासांचं. स्केचबुक रोजची. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पणजीचं मासळी मार्केट, रायबंदरचा फेरीधक्का ही आपली मोफत लाइफ क्लास आहे. धक्क्यावर लोक फेरीची वाट बघत दहा-पंधरा मिनिटं जवळपास एकाच पोजमध्ये उभे राहतात, याहून चांगलं काय हवं? बाजारात मासळीवालीसमोर उभं राहून काढणार असाल तर आधी हसून विचारा, गिऱ्हाइकाच्या वाटेत उभं राहू नका, आणि जमलं तर चार बांगडे घ्या.

चवथीच्या सुट्टीत मुलं गावी जातात आणि सराव तुटतो. तो तुटू देऊ नका, कारण घरी गणपतीवर बांधलेली माटोळी असते. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, कांगलां, माट्टीची फळं, कितीतरी रानफळं एकाच चौकटीला लटकलेली. निसर्गचित्रणाचा सगळा अभ्यासक्रम तिथे आहे: पोत, गुच्छ, खालून दिसणारे आकार. एकेक फळ सुटं काढा, मग दोन एकमेकांवर आलेली. कोण पुढे, कोण मागे हे फक्त रेषेच्या जाडीने दाखवायचा प्रयत्न करा. पुढच्याची रेष जाड, मागच्याची बारीक, आणि एकमेकांना भिडतात तिथे तुटलेली.

प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिहा. पान खराब झालं तरी फाडू नका, शिक्षक स्केचबुकात तुमची वाढच शोधत असतात.

१०. गोव्यातली रेषा पाहून घ्या

पुस्तकांतली युरोपची चित्रं बघाच, पण बसने जाता येईल अशा अंतरावर काय आहे तेही बघा.

सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्या दगडाच्या सपाटीवर कोरलेली प्राचीन चित्रं आहेत: बैल, नाचणारी बाई, चक्रव्यूहासारखी वर्तुळं. केवळ बाह्यरेषेत बैलाचा खांदा कसा उभा केलाय ते अभ्यासण्यासारखं आहे. पावसाळा संपल्यावर जा, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात खोदलेली रेष स्पष्ट दिसते. चित्रांवर पाय देऊ नका, खडूने रेघा भरू नका.

आपल्या काही जुन्या देवळांवर कावी काम उरलेलं आहे. पांढऱ्या चुन्याच्या थरावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो ओला असताना खरवडतात आणि आतलं पांढरं नक्षीत उघडं पडतं. दोनच छटांत एवढी श्रीमंती कशी येते, हे अप्लाइडला जाणाऱ्यांनी आवर्जून बघावं.

पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं आहेत. सांतेस्तेवात १९०२ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने ख्रिस्ती विषय भारतीय रेषेत आणले. साळगावचे एफ. एन. सोझा यांची डोकी बघा, तिथे रेष अक्षरशः खणते. लोटलीच्या मारियो मिरांडांनी कलाशाळेत शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण गर्दीच्या चित्रात प्रत्येक माणसाला वेगळी उभं राहण्याची तऱ्हा देणं त्यांच्याकडून शिकावं. आणि मराठी घरात जुने दिवाळी अंक असतील तर दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं काढून बसा. दलाल मूळचे आपल्या मडगावचे, १९१६ चा जन्म. साडीच्या निऱ्यांचा प्रवाह ते किती थोड्या रेषांत देतात ते एकदा तुमच्या वहीत उतरवून बघा. उतरवणं हा अभ्यास आहे, फक्त ते पान स्वतःचं काम म्हणून जमा करू नका.

कला अकादमी, आल्तिनोवरचं सुनापरान्त आणि पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा इथल्या प्रदर्शनांवर लक्ष ठेवा. उद्घाटनाच्या गर्दीत नको, दुसऱ्या दिवशी निवांत जा.

११. सबमिशन आणि ज्युरी

सबमिशनच्या आदल्या रात्री पन्नास स्केचेस काढणाऱ्यांची पानं एकाच पेनची, एकाच घाईची दिसतात. दर शनिवारी त्या आठवड्यातली चांगली दोन कामं निवडून बाजूला ठेवा. सत्राच्या शेवटी निवड तयार असते.

ज्युरीला, म्हणजे कामं तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, एवढं तयार ठेवा: प्रत्येक कामाच्या मागे नाव, रोल नंबर, माध्यम, सगळ्या कागदांच्या कडा एकसारख्या कापलेल्या, आणि एखाद्या कामात तुम्ही काय शोधत होता हे दोन वाक्यांत सांगता येईल असं. तुम्ही मराठीत विचार करत असाल आणि इंग्रजीत बोलताना अडखळत असाल तर ती दोन वाक्यं आधी लिहून काढा. कलेतिहासाच्या उत्तरांनाही हाच उपाय. संज्ञांची एक वही करा, प्रत्येक संज्ञेसमोर छोटं रेखाटन.

शिक्षकाने तुमच्या कागदावर थेट रेघ मारून दुरुस्ती केली तर वाईट वाटतं. घरी येऊन तीच पोज त्या दुरुस्तीसह नव्या कागदावर परत काढा. शिक्षकांचं एकमत नसेल, एक म्हणतो रेष हवी आणि दुसरा म्हणतो छटा हवी, तर दोन्ही करून बघा. पहिल्या वर्षी 'माझी शैली' म्हणून कुठलंच दार बंद करू नका.

१२. शाखा निवडताना

फाउंडेशनच्या शेवटी मैत्रीण जिकडे जाते तिकडे जाणारी मुलं बरीच असतात. त्याआधी दोन्ही विभागांत जाऊन वरच्या वर्गांची कामं बघा आणि त्यांच्या भिंतींवर कुठलं ड्रॉइंग लागलंय ते टिपा. पेंटिंगमध्ये ते शेवटपर्यंत समोर राहतं: आकृती, रचना, मोठे कागद. अप्लाइडमध्ये ते संकल्पनेच्या पोटात जातं: थंबनेल (छोटी कच्ची रेखाटनं), स्टोरीबोर्ड, अक्षररचना, व्यक्तिरेखा. संगणकावर काम करायचं म्हणून ड्रॉइंग लागणार नाही, या समजुतीने अप्लाइड घेऊ नका, तिथे एका दुपारीत वीस कल्पना कागदावर काढून दाखवाव्या लागतात.

तुमच्या वर्षभराच्या स्केचबुका काढा आणि कुठली पानं तुम्ही कुणी सांगितल्याशिवाय, आपणहून काढलीत ते शोधा. त्यात माणसं, घरं, उजेड जास्त असेल, की अक्षरं, गोष्टी, पात्रं? ती पानं घेऊन ज्या विभागात जायचंय तिथल्या शिक्षकांना अर्ज भरण्याआधी भेटा.